वजन देण्याआधीचे दोन महिने: पैलवानानं वजन कसं उतरवावं आणि कधी उतरवूच नये

निवड चाचणीच्या आदल्या रात्री अकरा वाजता मी रेनकोटवर दोन स्वेटर चढवून मैदानाला चकरा मारत होतो. मे महिना होता. माझा वजनगट ५७ किलोचा आणि काटा ५७ किलो ४०० ग्रॅम दाखवत होता. तोंडात आवळासुपारी ठेवली होती, लाळ सुटावी आणि थुंकता यावी म्हणून. मित्र डबडं घेऊन सोबत पळत होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की थुंकून पावभर वजन जातं. सकाळी वजन दिलं, म्हणजे स्पर्धेच्या काट्यावर उभा राहिलो, तेव्हा ५६.९ भरलं. वस्तादांनी पाठीवर थाप मारली. पहिल्या कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला माझे हात खांद्याच्या वर जाईनात. समोरच्या पोरानं एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, असा काढला की जणू मी त्याला पाय काढून देत होतो.

यंदा ताईचा फोन आला. "दादा, ह्याला ५७त खेळवायचं म्हणतायत. पोरगं रात्रीचं जेवत नाही." भाचा अठराचा, तालमीत चार वर्षं, वजन ६४. त्याच्यासोबत दोन महिने जे केलं ते पायरीपायरीनं इथं लिहितोय. मुलगा किंवा मुलगी तालमीत असेल तर वस्तादांनाही वाचायला द्या. रागावतील, पण वाचतील.

आधी गट ठरवा, आणि तो कागदावर ठरवा

आपल्या जत्रेच्या मैदानात काटा नसायचा. वस्ताद आणि पंच दोन पोरांना शेजारी उभं करायचे, दंड आणि मान चाचपायचे आणि जोड लावायचे. नजर तयार असली तर ती जोड बरोबरीची व्हायची. पण नजर विकतही घेता येते, हेही गावाला ठाऊक असायचं. वजनगट आला तो त्या नजरेच्या जागी. सारख्या वजनाच्या दोन माणसांत ताकद, दम आणि डाव एवढंच मोजलं जावं, हा त्यामागचा न्याय. मग एकानं खालच्या गटात उतरायला सुरुवात केली, म्हणून दुसरा उतरला आणि तिसराही. सगळेच उतरले की कुणाचाच फायदा राहत नाही. फक्त सगळे जण कोरडे पडून मॅटवर येतात.

खाली किती जाता येईल याचा एक साधा हिशेब आहे. क्रीडावैद्यक विभागात किंवा जाणकार फिजिओकडे कॅलिपरच्या चिमट्यानं त्वचेच्या घड्या मोजून अंगातल्या चरबीचं प्रमाण काढतात. त्या दिवशी पोरगं पोटभर पाणी प्यालेलं हवं, नाहीतर वजनाचा आकडाच खोटा ठरतो. भाच्याची चरबी १२ टक्के निघाली. म्हणजे ६४ किलोतली साधारण ७.७ किलो चरबी आणि ५६.३ किलो बाकीचं शरीर: हाडं, स्नायू, रक्त, पाणी. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत मुलाची चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलीची १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट देत नाहीत. तो नियम इथं लावला तर ५६.३ भागिले ०.९३, म्हणजे ६०.६ किलो. हा त्याचा तळ. चिमट्याच्या मापात दोन-तीन टक्के इकडंतिकडं होतात, म्हणून तळाला अगदी चिकटायचं नाही.

थोडक्यात, ५७ किलोसाठी त्याला चरबी नव्हे, स्नायू आणि पाणी कापावं लागलं असतं. गट ६१ ठरला. वस्ताद म्हणाले, "६१त पोरं उंच असतात." मी म्हणालो, "असू देत. ह्याच्या अंगात तेव्हा रक्त तरी असेल."

वर जाणं म्हणजे घाबरणं, हा समज तालमीत फार खोल गेलाय. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोत लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते ५७ किलोत उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. गट बदलला म्हणून पदक मिळालं असं मी म्हणत नाही. मधल्या चार वर्षांची मेहनत होती, आणि लंडनला त्यांना मॅटची सवयही नव्हती. पण वरच्या गटात गेल्यानं कुणी लहान होत नाही, एवढं त्यातून दिसतं.

अडचण खरी आहे ती ऑलिंपिकची. जागतिक स्पर्धेत कुस्तीच्या प्रत्येक प्रकारात दहा गट असतात, ऑलिंपिकमध्ये सहाच. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७ नंतर थेट ६५. बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेनं २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि २०१९ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. तो ६१चा गट ऑलिंपिकमध्ये नाहीच. त्या आठ किलोंच्या खड्ड्यात किती चांगले मल्ल अडकत असतील याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा. मात्र जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या पोराला ही अडचण नाही, तरी तो ऑलिंपिकवाल्यांसारखा कापत बसतो.

मग वही

चाळीस पानी वही पुरते. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच लंगोटावर, त्याच काट्यावर वजन. रात्री झोपताना पुन्हा एकदा. शेजारी लघवीचा रंग: फिकट, पिवळा की चहासारखा. मुलगी असेल तर पाळीची तारीख. एवढंच.

या वहीतला सगळ्यात किमती आकडा म्हणजे रात्र आणि सकाळ यांतला फरक. झोपेत श्वासातून आणि घामातून पाणी जातं, सकाळी लघवी होते. भाच्याचा हा फरक ७०० ते ९०० ग्रॅम निघाला. कुणाचा ५०० असतो, कुणाचा किलोच्या वर. पुढं दुसऱ्या दिवशीच्या वजनाला हाच आकडा कामी येतो. स्पर्धेच्या रात्री अंदाज बांधत बसणाऱ्याकडं नेमका तोच नसतो.

दुसरं म्हणजे वजन दिवसादिवसाला हलतं, हे कळतं. रात्री खारट रस्सा झाला की सकाळी काटा ८०० ग्रॅम वर. ते मांस नव्हे, मीठानं धरलेलं पाणी. पहिल्या आठवड्यात भाचा रोज घाबरून फोन करायचा. तिसऱ्या आठवड्यात बंद झाला.

खुराकातून काय काढायचं

चरबी उतरवायचा वेग आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. ६४ किलोच्या पोराला म्हणजे ३०० ते ६०० ग्रॅम. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवर २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका गटानं आठवड्याला ०.७ टक्के वेगानं वजन कमी केलं, दुसऱ्यानं १.४ टक्के. हळू गेलेल्यांचे स्नायू उलट वाढले, घाई करणाऱ्यांचे वाढले नाहीत.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज ५५० कॅलरी कमी. तालमीत हे जमवायला उपाशी राहावं लागत नाही, कारण खुराकातच ऐवज दडलेला असतो. एक बदाम साधारण ७ कॅलरीचा. थंडाईतल्या शंभरातले चाळीस काढले की २८० गेल्या. तूप दोन मोठे चमचे कमी केलं की आणखी २७०. झालं.

दूध आणि अंड्यांना मात्र हात लावू नका. पोरं नेमकं उलटं करतात: दूध सोडतात आणि "ताकदीसाठी" तूप चालू ठेवतात. वजन उतरत असताना प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागं १.६ ते २.२ ग्रॅम हवीत, म्हणजे भाच्याला दिवसाला १०० ते १४० ग्रॅम. लिटरभर दुधातून ३२, सहा अंड्यांतून ३६, दीडशे ग्रॅम चिकनमधून ४० आणि उरलेली डाळ-भाकरीतून. मेहनतीच्या आधी भाकरी किंवा भात पोटात हवाच, नाहीतर जोर-बैठका नुसत्या आकड्याला होतात.

सहा आठवड्यांत तो ६४वरून ६२वर आला. जोर मारताना दम उलट जास्त होता. स्पर्धेला पंधरवडा बाकी असताना मी त्याला तिथंच थांबवला.

शेवटचे पाच दिवस

उरलेल्या एक किलोसाठी घाम गाळायची गरज नव्हती. पोटात आणि आतड्यात नेहमीच बराच चोथा पडून असतो. शेवटचे तीन-चार दिवस भाकरी, कडधान्यं, पालेभाजी आणि सालीची फळं बंद करून पांढरा भात, अंडी, दही, चिकन, सोललेला बटाटा एवढंच खाल्लं की अनेकांचं पाचशे ग्रॅम ते किलोभर वजन आपोआप उतरतं आणि ताकदीला धक्का लागत नाही. लोणचं, पापड, फरसाण बंद. पाणी चालू. भाताचं प्रमाण थोडं कमी केलं तरी काटा खाली येतो, कारण स्नायूत साठलेल्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतो. पण हीच साखर कुस्तीत सहा मिनिटं जाळायची असते, तेव्हा फार कापायची नाही.

अठराच्या आतल्या पोराला पाणी तोडून वजन द्यायला लावू नये, हे माझं ठाम मत. मोठ्यांनीही एकूण वजनाच्या दोन टक्क्यांपलीकडं पाण्यातून जाऊ नये. घामातून जातं ते पाणी आधी रक्तातलं असतं. रक्त कमी झालं की तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके लागतात, कातडीकडं जाणारं रक्त घटतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. माझे हात त्या दिवशी का उचलले नाहीत ते मला पंधरा वर्षांनी असं कळलं.

जे करायचंच नाही

१९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिन्याभराच्या अंतरात अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतले तीन तरुण मल्ल वजन उतरवताना मेले. तिघंही रबरी किंवा प्लास्टिकच्या कपड्यांत, गरम खोलीत व्यायाम करत होते आणि पाणी तोडलेलं होतं. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट, सॉना आणि लघवीच्या गोळ्यांवर बंदी आली, किमान वजन ठरवायची चाचणी सक्तीची झाली आणि वजन देण्याची वेळ कुस्तीच्या जवळ आणली गेली. मी रेनकोट घालून पळालो तो याच्या नंतरच. आमच्यापर्यंत ही बातमी आलीच नव्हती.

म्हणून रेनकोट, तीन घोंगड्या, बंद खोलीत शेगडी, जुलाबाची गोळी यातलं काहीही नको. पळता पळता घाम थांबला, पोरगं असंबद्ध बोलायला लागलं किंवा तोल जायला लागला तर काटा विसरा. कपडे काढा, गार पाणी ओता, बर्फ असेल तर तोही लावा आणि १०८ला फोन करा. गार करणं आधी, गाडीत घालणं नंतर.

दोन गोष्टी तब्येतीबरोबर कारकीर्दही घालवतात. एक, लघवी जास्त व्हायची गोळी. फ्युरोसेमाइड म्हणजे लॅसिक्स ही औषध दुकानात सहज मिळते, पण जागतिक उत्तेजकविरोधी यादीत ती कायम बंदी असलेल्या औषधांत आहे, कारण ती लघवी पातळ करून दुसरं उत्तेजक लपवते. "मला माहीत नव्हतं" ही सबब चालत नाही. अंगात काय सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची.

दुसरी, सलाईन. आपल्याकडं वजन दिलं की लगेच ओळखीच्या दवाखान्यात नेऊन बाटली लावायची पद्धत आहे आणि आयाबापांना त्यात काळजी दिसते. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं नियमानं बंद आहे. सूट आहे ती रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीपुरती. नेहमीची बाटली ५०० मिलिलिटरची असते, म्हणजे पावभर संपायच्या आत नियम मोडलेला असतो.

दोन सकाळी वजन: विनेशच्या रात्री काय झालं

पूर्वी वजन आदल्या दिवशी व्हायचं आणि सगळ्या कुस्त्या एका दिवसात. रात्रभर पाणी पिऊन मल्ल चार-पाच किलो वाढवून मॅटवर यायचे. २०१८पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: गट दोन दिवस चालतो, पहिल्या सकाळी वजन आणि पुढं टिकलेल्यांचं दुसऱ्या सकाळी पुन्हा. फार कापणाऱ्यांना आळा बसावा म्हणून केलेला हा बदल मला योग्य वाटतो, कितीही वाईट वाटलं तरी.

विनेश फोगाट आधी ५३ किलोत खेळायची. त्या गटातली भारताची ऑलिंपिक जागा अंतिम पंघालनं मिळवली होती, म्हणून विनेश ५०वर उतरली. ६ ऑगस्ट २०२४ला सकाळी तिचं वजन ४९.९ भरलं. त्या दिवशी तिनं तीन कुस्त्या जिंकल्या, त्यातली पहिली गतविजेत्या युई सुसाकीविरुद्ध. मध्ये पाणी आणि खाणं घ्यावंच लागलं. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी सांगितल्याप्रमाणं उपांत्य फेरीनंतर ती मर्यादेपेक्षा २.७ किलो वर होती. रात्रभर व्यायाम, सॉना, शेवटी केसही कापले. सकाळी १०० ग्रॅम जास्त. नियमात सवलत नाही, ती स्पर्धेतूनच बाद झाली आणि क्रीडा लवादानं तिचा अर्ज १४ ऑगस्टला फेटाळला.

शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा कप चहा, असं लोक म्हणत होते. पण एकदा कोरडं पडलेलं शरीर दुसऱ्यांदा पाणी सोडत नाही. मूत्रपिंडांना संप्रेरकांचा निरोप गेलेला असतो: मीठ धरा, पाणी धरा. प्याललेलं आत मुरतं, लघवी होत नाही, घाम यायचा थांबतो. शेवटचे १०० ग्रॅम म्हणूनच पहिल्या दोन किलोंपेक्षा जड असतात.

त्याच स्पर्धेत अमन सेहरावत उपांत्य फेरीनंतर दहा तासांत ४.६ किलो उतरवून आला आणि ५७ किलोत कांस्य जिंकला. ते ऐकून तालमीतली पोरं उड्या मारायची. तोच अमन २०२५च्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच वजनाला १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता परतला. पहिल्या गोष्टीचे व्हिडिओ फिरतात, दुसरीचे फिरत नाहीत.

दुसऱ्या दिवसाचा हिशेब घरच्या जमाखर्चासारखा मांडायचा. पोटात जे जातं त्याचं पूर्ण वजन तिथल्या तिथं काट्यावर दिसतं. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, त्यात सूट नाही. भाच्याचा आराखडा असा: सकाळी ६०.८. दिवसभरात खाणंपिणं दीड किलो, म्हणजे ६२.३. कुस्त्यांत घाम आणि लघवी मिळून १.२ गेले, उरले ६१.१. रात्री दहीभात आणि पाणी ६०० ग्रॅम, झोपताना ६१.७. वहीतला रात्रीचा फरक किमान ७०० धरला तरी सकाळी ६१ किंवा खाली. रेनकोट लागत नाही, झोप लागते.

मुलींसाठी वेगळं

पाळीआधी काही जणींच्या अंगात किलो-दीड किलो पाणी धरलं जातं. तारीख वहीत असेल तर ते आधी कळतं आणि गट त्याप्रमाणं निवडता येतो. तीन महिने पाळी आली नाही तर "मेहनत जास्त झाली" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडं जा. शरीराला मेहनतीपुरतं अन्न मिळत नसल्याची ती खूण असते आणि त्याची किंमत हाडं मोजतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४पासून या तुटीला रीतसर नाव दिलंय आणि ती मुलांतही होते. वस्ताद पुरुष असतील तर हे बोलायला तालमीत एखादी बाई हवी. ही व्यवस्था तालमीनं करायची असते, मुलीनं नव्हे.

वजनाची सकाळ

घरचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांत २०० ग्रॅमचा फरक सहज असतो. सरावाचा काटा ठेवलेला असतो, आधी त्यावर उभं राहून बघा. आंतरराष्ट्रीय नियमात वजन कॉश्च्युमवर होतं आणि त्याची वजावट मिळत नाही. ठरलेल्या वेळेत काट्यावर कितीदाही चढता येतं. काही स्पर्धांत एक-दोन किलोची सूट असते, पण ती पत्रकात लिहिलेली असली तरच धरायची. नखं कापा. वजनासाठी नव्हे, पंच परत पाठवतात म्हणून.

काट्यावरून उतरल्यावर ओआरएसचं पाणी, आधी दोन ग्लास सावकाश आणि मग घोट घोट. उतरवलेल्या पाण्याच्या सव्वा ते दीडपट परत जायला हवं. नुसतं पाणी ढोसलं तर लघवीवाटे निघून जातं, मीठ आणि साखर ते धरून ठेवतात. सोबत केळं, गूळ, मऊ भात. दूध, तूप आणि मटण संध्याकाळनंतर. कुस्तीआधी दोन तासांत ते पचत नाही आणि पहिल्याच दुहेरी पटाला घशाशी येतं. हे मी पाहिलंय, मॅट पुसावी लागली होती.

भाचा पहिल्या दोन कुस्त्या जिंकला आणि तिसरीत ६-४नं हरला. त्या रात्री वही मागून घेतली. त्यानं लिहिलं होतं: "रात्री ६१.६. जेवलो. तिसरीत दम होता, डाव चुकला. मामाला घिस्सा डाव विचारणे."